तीन रात्री गोळी चुकली, तरी फिट का आली नाही?

वाचकाचं पत्र : माझ्या सासूबाई 61 वर्षांच्या आहेत, वजन साधारण 55 किलो. चौदा वर्षांपासून फिटसाठी रोज रात्री गार्डेनाल 60 ची एक गोळी घेतात. गेली सहा वर्षं एकही फिट आलेली नाही. हृदयाची एक झडप बदललेली असल्यामुळे रक्त पातळ ठेवायची वॉरफेरिनही चालू आहे. डॉक्टर म्हणाले, गार्डेनाल आता हळूहळू कमी करू, सात-आठ महिने लागतील. पण गावच्या यात्रेत पाहुण्यांच्या गडबडीत लागोपाठ तीन रात्री गोळी राहिली आणि काहीच झालं नाही. तेव्हापासून त्यांचं एकच चाललंय, "मला गोळी लागतच नाही, आठ महिने कशाला, आजपासूनच बंद." यजमानांचा खांदा निखळला होता तेव्हा त्यांना भुलीचं इंजेक्शन दिलं होतं, ते याच जातीचं औषध असं तिथले डॉक्टर म्हणाले होते. ते तर दहा मिनिटांत उतरलं. मग एक दहा मिनिटांत उतरतं आणि दुसऱ्याला आठ महिने, हे कसं? नणंद म्हणते, लिंबूपाण्यात खायचा सोडा घालून प्यायलं की लघवीवाटे सगळं निघून जातं. काय करावं?
— एक सून, कराड तालुका

उत्तर : ताई, आधी आज रात्रीचं. सासूबाईंनी नेहमीची एकच गोळी नेहमीच्या वेळी घ्यावी. राहिलेल्या तीन रात्रींची भरपाई म्हणून जादा गोळ्या घ्यायच्या नाहीत. आणि तीन रात्री गोळी चुकली होती हे डॉक्टरांना फोन करून सांगा. डोस कमी करायला कधी सुरुवात करायची हे ठरवताना त्यांना ते माहीत असायला हवं.

आता सासूबाईंचा मुद्दा. तीन दिवसांत काही झालं नाही हे खरंच आहे. पण त्या तीन दिवसांत त्या औषधाविना होत्या, हे मात्र खरं नाही.

गार्डेनाल म्हणजे फेनोबार्बिटोन. फिटसाठी हे औषध 1912 पासून वापरात आहे आणि त्याचा सगळ्यात ठळक गुण म्हणजे ते अंगातून फार सावकाश जातं. मोठ्या माणसाच्या शरीरातलं फेनोबार्बिटोन निम्मं व्हायला 53 ते 118 तास लागतात. वय झालेलं असेल किंवा लिव्हर अशक्त असेल तर वेळ वाढतो. हिशोब सोपा जावा म्हणून सासूबाईंसाठी आपण चार दिवस धरू.

रोज रात्री 60 मिलिग्रॅम आत जातं आणि चोवीस तासांत शिल्लक साठ्यातला साधारण सहावा हिस्सा बाहेर पडतो. सुरुवातीला साठा लहान असतो, म्हणून जावकही कमी असते आणि साठा वाढत जातो. दोन-तीन आठवड्यांनी आवक आणि जावक सारखी होते, मग तो एका पातळीवर थांबतो. या हिशोबानं सासूबाईंच्या अंगात रात्री गोळी घेतल्यावर सुमारे 375 मिलिग्रॅम असतं, दुसऱ्या रात्रीच्या गोळीआधी 315. म्हणजे हातात दिसते एक गोळी, पण अंगात सहा गोळ्यांएवढं औषध फिरत असतं.

हे त्यांना भिंतीवरच्या कालनिर्णयावर बोट ठेवून दाखवा. समजा शेवटची गोळी बुधवारी रात्री घेतली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार चुकली आणि रविवारी रात्री परत सुरू झाली. बुधवारी रात्री 375, तर रविवारी रात्री गोळीआधी 187. म्हणजे यात्रेच्या त्या गडबडीतही तीन गोळ्यांएवढं औषध त्यांना सांभाळत होतं. रविवारी गोळी घेतली नसती तर पुढच्या गुरुवारी 94, त्यापुढच्या सोमवारी 47, आणि विसाव्या दिवशी 12 उरलं असतं. खरी परीक्षा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात झाली असती, आणि तिथपर्यंत त्या पोचल्याच नाहीत. ज्यांच्या अंगातून औषध लवकर जातं त्यांचा हा सगळा काळ अकरा-बारा दिवसांत आटोपतो, ज्यांच्यातून उशिरा जातं त्यांना चोवीस-पंचवीस दिवस लागतात.

परत गोळी सुरू केली म्हणून साठा लगेच पहिल्यासारखा झाला, असंही नसतं. तूट भरून यायलाही तेवढाच वेळ लागतो. चार दिवसांनी ती निम्मी भरते, आठ दिवसांनी पाऊण. म्हणून हे दोन आठवडे त्या बऱ्या दिसत असल्या तरी जपायचे: जागरण नाही, उपासतापास नाही, विहिरीवर एकटं जाणं नाही.

आता यजमानांच्या इंजेक्शनकडे येऊ. ते बहुधा थायोपेंटोन असावं. पिवळसर पूड, ऐन वेळी पाण्यात विरघळवून शिरेतून देतात. ते देताना पुष्कळांच्या तोंडाला लसणासारखी चव येते. यजमानांना ती आठवत असेल तर शंका उरत नाही. (आता बहुतेक ठिकाणी त्याची जागा प्रोपोफोल या दुधासारख्या पांढऱ्या औषधानं घेतली आहे.) थायोपेंटोन 1934 मध्ये भुलीसाठी आलं. डोस किलोमागे 3 ते 5 मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला 180 ते 300 मिलिग्रॅम. अर्ध्या मिनिटात माणूस झोपतो आणि पाच-दहा मिनिटांत डोळे उघडतो.

पण डोळे उघडले तेव्हा औषध संपलेलं नसतं. लिव्हर ते तासाला फार तर दहा-पंधरा टक्के मोडतं, म्हणजे दहा मिनिटांत दोन-तीन टक्के. बाकीचं जवळजवळ सगळं अंगातच असतं, फक्त मेंदूत नसतं. थायोपेंटोन चरबीत फार पटकन विरघळणारं, आणि मेंदूला रक्त भरपूर मिळतं. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातला सुमारे 15 टक्के वाटा त्याचा. म्हणून औषधाची पहिली लाट मेंदूत शिरते. तेवढ्यात स्नायू ते ओढून घ्यायला लागतात. स्नायूंना रक्त सावकाश मिळतं, पण त्यांचा पसारा मोठा असतो. रक्तातली पातळी उतरली की मेंदूतलं औषध मागे रक्तात येतं आणि माणूस जागा होतो. पुढे काही तासांत ते हळूहळू चरबीत जाऊन बसतं आणि तिथून झिरपत लिव्हरकडे येतं. पूर्ण निम्मं व्हायला अकरा-बारा तास लागतात. म्हणून अशी भूल दिलेल्या माणसाला "चोवीस तास गाडी चालवू नका, दारू नको, कागदावर सही नको" असं बजावतात. घरी चहा पीत गप्पा मारतोय म्हणजे औषध उतरलं, असं धरायचं नाही.

यातली एक अडचणही समजून घेण्यासारखी आहे. एका डोसनंतर दहा मिनिटांत जागं करणारं हेच थायोपेंटोन पुन्हा पुन्हा दिलं तर स्नायू आणि चरबी भरून जातात. मग औषधाला सरकायला जागा उरत नाही आणि माणूस लिव्हरच्याच गतीनं, कित्येक तासांनी, कधी दिवसांनी जागा होतो. आयसीयूत न थांबणाऱ्या फिटसाठी ते सलाइनसारखं सतत द्यावं लागलं की नातेवाइकांना हेच सांगावं लागतं: औषध बंद केलंय, पण पेशंट लगेच डोळे उघडणार नाही.

फेनोबार्बिटोनचं तसं नाही. ते चरबीत कमी विरघळतं, मेंदूत सावकाश शिरतं आणि सावकाशच निघतं. मेंदूतून स्नायूत पळून जाण्याची पळवाट त्याला फारशी उपयोगाची नाही. त्याचा परिणाम संपायला ते शरीराबाहेरच जावं लागतं. साधारण पाव हिस्सा जसाच्या तसा लघवीतून जातो, उरलेलं लिव्हर मोडतं आणि मग किडनी बाहेर टाकते. एकाच जातीच्या दोन औषधांत मिनिटं आणि आठवडे असा फरक पडतो तो यामुळे.

पण मग तुम्ही विचाराल, तीन आठवड्यांत जाणाऱ्या औषधाला आठ महिने कशाला? कारण औषध गेलं तरी त्यानं केलेले बदल मागे राहतात. सासूबाईंच्या बाबतीत असे दोन बदल आहेत, एक मेंदूत आणि एक लिव्हरमध्ये.

मेंदूत गाबा नावाचं एक रसायन ब्रेकचं काम करतं. ते आपल्या जागी बसलं की पेशीचं एक दार उघडतं, क्लोराइड आत येतं आणि ती पेशी शांत होते. बार्बिच्युरेट्स, म्हणजे फेनोबार्बिटोन आणि थायोपेंटोन ज्या जातीतली ती औषधं, हे दार जास्त वेळ उघडं ठेवतात. चौदा वर्षं रोज हा जादा ब्रेक लागलेला असला की मेंदू त्याचा हिशोब धरूनच चालायला शिकतो, स्वतःचा ब्रेक सैल करतो आणि वेग वाढवून ठेवतो. मग जादा ब्रेक अचानक काढला तर जे उरतं ते चौदा वर्षांपूर्वीच्या मेंदूपेक्षाही जास्त खवळलेलं असतं. झोप उडते, हात थरथरतात, घाम सुटतो, चिडचिड होते, मळमळतं; पुढे भ्रम आणि फिटा. ज्याला फिटचा आजार कधीच नव्हता अशा माणसालाही बार्बिच्युरेट एकदम तोडल्यानं फिट येऊ शकते, मग सासूबाईंना तर आजार आहेच. लवकर उतरणाऱ्या बार्बिच्युरेट्समध्ये हे एक-दोन दिवसांत दिसतं. फेनोबार्बिटोन सावकाश उतरतं, म्हणून त्रास उशिरा आणि बेसावध असताना गाठतो. लोक आठ दिवस वाट पाहतात, "काही झालं नाही" म्हणतात, देवाला नारळ फोडतात, आणि मग दहाव्या-बाराव्या दिवशी न्हाणीघरात पडतात.

म्हणून पायऱ्यापायऱ्यांनी कमी करायचं. गोळ्या 60 आणि 30 च्या मिळतात, 30 ची अर्धी केली की 15. त्यामुळे 60 वरून 45, मग 30, मग 15, मग बंद, आणि मधल्या तीन पायऱ्यांवर प्रत्येकी अडीच महिने असं धरलं तर तुमच्या डॉक्टरांचे सात-आठ महिने होतात. नेमका आकडा तेच ठरवतील. एका पायरीवर इतका वेळ का, याचं कारण वरच्या हिशोबातच आहे. 45 सुरू केलं तरी अंगातला साठा 45 च्या पातळीला यायला तीन आठवडे लागतात. मग कुठे मेंदू त्यावर काय म्हणतो ते कळतं. दर आठवड्याला कमी केलं तर पहिल्या पायरीचा परिणाम दिसायच्या आत तुम्ही तिसऱ्या पायरीवर असता, आणि फिट आलीच तर ती कुठल्या पायरीवर आली हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. गोळी अर्धी करताना दातानं किंवा विळीवर करू नका. मेडिकलमध्ये गोळी कापायची छोटी डबी मिळते, ती घ्या. हा बारीक खर्च आहे, पण पायऱ्या बरोबर पडायच्या तर अर्धा भाग खरोखर अर्धा हवा.

शेवटची 15 ची गोळी घेतली त्या दिवशी काम झालं असं समजू नका. त्यानंतरचे तीन आठवडे साठा उतरतच असतो, आणि औषध बंद केल्यानंतरचे काही महिने फिट परतण्याचा धोका एरवीपेक्षा जास्त असतो. तोवर चुलीपुढे किंवा गॅसपुढे एकटं बसणं, विहिरीचं किंवा नदीचं पाणी, गच्चीचा कठडा, मोटारसायकलवर एका बाजूला पाय टाकून बसणं, हे सगळं टाळा. न्हाणीघराची कडी आतून लावायची नाही, एवढं मात्र आजपासूनच पाळा.

आता लिव्हरमधला बदल. सासूबाईंच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते, आणि तुमच्या पत्रात तो प्रश्न नाहीच. फेनोबार्बिटोन लिव्हरला औषधं मोडणारी एन्झाइम्स जास्त बनवायला लावतं. ही एन्झाइम्स मग इतर औषधंही भराभर मोडतात, त्यांत वॉरफेरिन येतं. सासूबाईंचा वॉरफेरिनचा डोस ठरला तो गार्डेनाल चालू असताना, म्हणजे अशा जोरात चालणाऱ्या लिव्हरच्या मानानं ठरला. गार्डेनाल कमी होत जाईल तसं लिव्हर दोन-चार आठवड्यांत आपल्या मूळ गतीवर येईल, वॉरफेरिन कमी मोडलं जाईल आणि तोच डोस त्यांना जास्त होईल. रक्त गरजेपेक्षा पातळ होईल. हे एका रात्रीत होत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. गार्डेनाल बंद केल्यानंतर तीन आठवड्यांनी हिरड्यांतून रक्त आलं तर त्याचा संबंध गार्डेनालशी जोडायचं कुणाला सुचणार?

तेव्हा फिटचे डॉक्टर आणि हृदयाचे डॉक्टर वेगवेगळे असतील तर दोघांना एकमेकांचं कळलं पाहिजे. डोस कमी करायचं वेळापत्रक कागदावर लिहून घ्या आणि तोच कागद हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. आयएनआरची तपासणी (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी) एरवी महिन्याला होत असेल तर प्रत्येक पायरीनंतर काही आठवडे दर आठवड्याला, आणि शेवटच्या गोळीनंतरही महिनाभर तशीच करावी का, हे त्यांना स्पष्ट विचारा. वॉरफेरिनचा डोस घरच्या घरी कमी करू नका, नाहीतर झडपेवर गुठळी व्हायची. अंगावर विनाकारण काळेनिळे डाग, दात घासताना रक्त, काळं शौच, लाल लघवी, अचानक जोराचं डोकं दुखणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. वॉरफेरिनऐवजी एसिट्रोम असेल तरी हेच सगळं लागू.

हाच परिणाम थायरॉइडच्या गोळीवर, काही बीपीच्या गोळ्यांवर, स्टेरॉइडवर आणि ड जीवनसत्त्वावरही होतो. घरात कुणी तरुण बाई गार्डेनाल घेत असेल तर तिच्या संततिनियमनाच्या गोळ्या याच कारणानं फसू शकतात. सासूबाई आणखी काय काय घेतात त्याची एक यादी करा. त्यांना फिटसाठी जोडीला व्हॅलप्रोएट असेल तर तेही सांगा, कारण त्यानं फेनोबार्बिटोन मोडणं मंदावतं आणि वरचा चार दिवसांचा हिशोब लांबतो.

लिंबू-सोड्याचं म्हणाल तर नणंदेच्या बोलण्यात अगदीच तथ्य नाही असं नाही, म्हणूनच ते जास्त घातक आहे. फेनोबार्बिटोन सौम्य आम्ल आहे. लघवी आम्लधर्मी असते तेव्हा किडनीनं गाळलेलं बरंचसं औषध परत रक्तात ओढलं जातं. लघवी अल्कधर्मी केली की औषधावर विद्युतभार येतो, ते नळीची भिंत ओलांडू शकत नाही आणि लघवीबरोबर निघून जातं. हॉस्पिटलमध्ये फेनोबार्बिटोनची विषबाधा झालेल्यांना शिरेतून सोडियम बायकार्बोनेट देतात ते याचसाठी, आणि तेही दर काही तासांनी लघवीचा पीएच आणि रक्तातलं पोटॅशियम मोजत. सासूबाईंना विषबाधा झालेली नाही. त्यांच्यातलं औषध लवकर काढायचंच नाहीये, उलट सावकाश उतरवायचंय. शिवाय रोज चमचा-चमचा सोडा म्हणजे सोडियमचा मारा; झडप बदललेल्या हृदयाला तो झेपेलच असं नाही, पायाला सूज आणि धाप लागायची. साधं लिंबूपाणी तहानेसाठी प्यावं, त्यानं औषधात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. जास्त पाणी प्यायल्यानंही नाही.

उलट चूक झाली तर काय, तेही सांगून ठेवतो. वयस्कर माणूस गोळी घेतल्याचं विसरून परत घेतो, असं होतं. बोलणं जड होणं, तोल जाणं, हाक मारल्यावर उशिरा डोळे उघडणं, श्वास संथ होणं दिसलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका; सुस्त माणसाची उलटी फुप्फुसात जाते. कुशीवर झोपवा, 108 ला फोन करा, गोळ्यांचं पाकीट बरोबर न्या. या औषधावर उतारा नाही. झोपेच्या इतर गोळ्यांवर चालणारं फ्लुमाझेनिल इथे उपयोगाचं नाही. श्वास सांभाळायचा, नळीतून सक्रिय कोळशाचे डोस द्यायचे, लागलं तर डायलिसिस, असं करत औषध उतरेपर्यंत वेळ काढतात. आणि काढता येतो. म्हणून लवकर नेणं महत्त्वाचं.

फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा एकामागून एक आली, तर 108. त्या वॉरफेरिनवर असल्यामुळे फिटमध्ये डोकं आपटलं असेल तर फिट लगेच थांबली तरी त्याच दिवशी हॉस्पिटलला न्या, आतल्या रक्तस्रावासाठी तपासणं गरजेचं असतं.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा रक्तातली फेनोबार्बिटोनची पातळी तपासून घ्यावी का, हे विचारा. साधारण 15 ते 40 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटर ही नेहमीची मर्यादा मानतात. सासूबाईंच्या डोसवर ती त्याखाली आली तरी घाबरू नका, आणि तेवढ्यावरून "गोळीचा उपयोगच नाही" असंही ठरवू नका. कुणाला दहावरही पुरतं. मात्र ही तपासणी गोळ्या नियमित सुरू होऊन तीन आठवडे झाल्यावरच करा, त्याआधीचा आकडा यात्रेतल्या चुकांचा असेल. रक्त दर वेळी एकाच सुमाराला द्या. आणि गोळ्यांचं पाकीट संपायच्या दोन आठवडे आधी नवी चिठ्ठी आणून ठेवा. हे औषध चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि तालुक्याच्या दुकानात दर वेळी असतंच असंही नाही.